न दुखणारी सुई

आमचे घरमालक माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहत, आधी दंडाकडे. मी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर चढले तेव्हा माझ्या एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात नेमणुकीचं पत्र होतं. पत्राकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. माझा डावा दंड दोन बोटांनी चाचपला, मान हलवली आणि आत वळून बायकोला सांगितलं, "पोरगी चांगली हाय. रगत जरा कमी हाय, पर शीर झकास हाय." दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी बॅग त्याच्या डोक्यात घातली असती. पण सत्तरी ओलांडलेला तो किडकिडीत माणूस बाजारात भेंडी मोडून पाहावी तितक्या निर्मळपणे माझा दंड तपासत होता. मला हसूच आलं आणि खोली मिळाली.

मी लॅब टेक्निशियन. रक्त काढायचं, काचेवर पसरायचं, हिवताप आहे की नाही ते सांगायचं, हे माझं काम. जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणाच्या अलीकडच्या एका गावातल्या आरोग्य केंद्रात माझी कंत्राटी नेमणूक झाली होती. गावाने एकमुखाने सांगितलं की तुम्ही कंपोंडर काकाच्या घरी राहा, तुमचा आणि त्यांचा धंदा एकच. हे ऐकून काका फार खूश झाले होते. पुढे कुणी पाहुणा आला की ते 'ही आमच्या लायनीतली' अशी माझी ओळख करून देत. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होत आली, तरी कुणाच्या दंडाला रबरी पट्टी बांधताना मला त्यांची ती दोन बोटं आठवतात.

गावात पूर्वी एक डॉक्टर होते, म्हणजे होते आपलं म्हणायचं. ते जिंतूरला राहत आणि आठवड्यातून दोन दिवस येत. उरलेले पाच दिवस दवाखाना म्हणजे आमचे काका. शिक्षण सातवी. मलम घोटणं, पुड्या बांधणं, जखमा धुणं हे सगळं ते करत, पण त्यांचं नाव होतं ते सुईसाठी. दहा-बारा गावांतून लोक येत. डॉक्टर समोर बसलेले असतानाही म्हणत, सायेब, तपासा तुमी, पर सुई कंपोंडरला देऊ द्या. कारण त्यांची सुई दुखत नसे.

ती का दुखत नसे याचं गुपित त्यांनी मला माझ्या पहिल्याच आठवड्यात, कुणाला सांगू नको अशी शपथ घालून सांगितलं. तेव्हा काचेच्या सिरिंजा होत्या आणि सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या असत. वापरून सुईचं टोक बोथट होई. बाकीचे कंपोंडर तशीच खुपसत. काका मात्र संध्याकाळी ओट्यावर बसून काळ्या गुळगुळीत दगडावर तेलाचा थेंब टाकत आणि एकेका सुईला धार लावत. मग टोकावरून कापसाचा धागा फिरवून बघत. धागा अडकला तर टोकाला खोट आहे, पुन्हा घास. नाही अडकला तर शेवटची परीक्षा काकूंच्या दंडावर. काकू म्हणजे त्यांची बायको. नवी धार आधी घरात आणि मग गावात, असा त्यांचा नेम होता. सिरिंजमध्ये ताकदीचं लाल औषध भरायचं, म्हणजे टोचणं वाया जात नाही, वर बायकोची तब्येतही सुधारते. हे सांगताना ते एखाद्याने बायकोला पैठणी घेतल्यासारखे फुलून आले होते.

या लाल औषधाचा आमच्या भागात केवढा दबदबा होता ते नव्या लोकांना कळायचं नाही. कापूस वेचायच्या आधी बाया रांगेने लाल सुई घेत. परीक्षेच्या आधी पोरांना, बाळंतपणानंतर सुनांना, लग्न जमलेल्या पोरीला अंगावर मास यावं म्हणून. ताप आला आणि डॉक्टरने नुसत्या गोळ्या दिल्या तर माणूस वाटेतून परत येई, डाक्टरने आपल्याला हलक्यात काढलं म्हणून. काका म्हणत, "गोळी पोटात जाती अन् सुई अंगात जाती. मानसाला अंगात गेल्याबिगर समाधान न्हाई." लोकांनी मागायचं आणि यांनी द्यायचं, असा तो पस्तीस वर्षांचा व्यवहार होता. पुढे एकदा वापरून फेकायच्या सुया आल्या, डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला, आणि काकांनी आपला स्टीलचा डबा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला.

दंड मात्र डोक्यात राहिले. त्यांना चेहरे आठवत नसत, नावांचा तर नेहमी घोळ. एकदा गावात लग्नाला पुण्याहून एक दाढीवाले गृहस्थ आले होते, तीस वर्षांनी. त्यांच्या सख्ख्या चुलत भावाने त्यांना ओळखलं नाही. काकांनी जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या त्यांचा शर्ट वर सारला, दंड चाचपला आणि म्हणाले, टायफाईडमधी चवदा सुया घेतल्यास तू, येकदा बी रडला न्हाईस. तो गृहस्थ तिथे, जिलबी हातात धरून, रडायला लागला.

आणि आता गंमत सांगते. दहा गावांना टोचणारा हा माणूस स्वतः सुईला इतका भीत असे की जन्मात त्याने एकही घेतली नव्हती. पायात खिळा घुसला तेव्हा मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी गेले, तर काका हळद भरून शेतात निघून गेले होते. साखर बघू म्हणून मी नुसतं बोट मागितलं तरी ते दोन्ही हात काखेत दाबून धरत. मी चिडवायचे, ते लाजायचे. काकू म्हणायच्या, देनारा हात येगळा आसतोय अन् घेनारा येगळा. काकूंचं बोलणं एवढंच असे. त्या दिवसभर काहीतरी निवडत असत, आणि बोलायचं ते निवडण्यातून मान वर न करता.

माझं तिसरं वर्ष चालू असताना वरून हिपॅटायटिस सीच्या, म्हणजे काविळीच्याच एका प्रकाराच्या, तपासण्या वाढवायच्या सूचना आल्या. छोटी कार्डं आली. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, कार्डावर टाकायचा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर कार्ड बरोबर चाललं, एवढंच. दुसरी आली तर या आजाराशी रक्ताची कधीतरी गाठ पडलेली आहे. मग परभणीला मोठी तपासणी, आणि त्यातही निघाला तर बारा आठवड्यांच्या गोळ्या, सरकारी आणि फुकट.

आमच्याकडे कावीळ म्हटली की डोळे पिवळे, आणि ती उतरवणारा माणूस ठरलेला. ही कावीळ डोळे पिवळे करत बसत नाही. वीस-तीस वर्षं ती गपचूप राहते, माणूस शेत नांगरतो, पोरींची लग्नं करतो, आणि आतलं यकृत झिजत जातं. पोटात पाणी झालं की मग समजतं. तसा हा आजार फार पसरलेला नाही. देशभरात पाहिलं तर शंभरात एखाद्याला असेल-नसेल. पण तो सगळीकडे सारखा शिंपडलेला नसतो, जिथे असतो तिथे ढिगाने सापडतो. डायलिसिसवर असलेल्यांत सापडतो, रक्त तपासून द्यायची पद्धत नव्हती त्या काळात ज्यांना रक्त चढवलं त्यांच्यात सापडतो, एकाच सुईने नशा करणाऱ्या पोरांत सापडतो. आणि जिथे एकेका सुईने पुष्कळ माणसं टोचली गेली, तिथल्या म्हाताऱ्यांत. एका ताटात जेवून तो होत नाही, शेजारी झोपून होत नाही. रक्ताला रक्त लागावं लागतं.

हे सगळं मी प्रशिक्षणात शिकून आले होते आणि पाठ म्हणून दाखवत होते. आमच्या केंद्रात दुसरी रेघ पहिल्यांदा दिसली ती कापूस वेचणाऱ्या एका साठीच्या बाईच्या कार्डावर. महिन्याभरात आणखी एक, धरणात मासे धरणाऱ्या एका माणसाच्या. तिसरी बौद्धवाड्यातल्या निवृत्त गुरुजींच्या. तिघांचा एकमेकांशी कशाचा संबंध नाही. फॉर्मवर प्रश्न असतात, ऑपरेशन झालं का, रक्त चढवलं का, गोंदवलं का, सुया घेतल्या का. तिघांनीही शेवटच्या प्रश्नाला हसून सारखंच उत्तर दिलं, घेतल्या की, कंपोंडर काकाच्या, कुनी न्हाई घेतल्या. मी ते लिहिलं आणि तिन्ही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी त्या घरात चोरासारखी राहिले. काकू ताटात भाकरी वाढत, काका माझा दंड चाचपून म्हणत, रगत वाढायलंय बरं का, आणि मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठत असे. सांगायचं तर या माणसाच्या आयुष्यात अभिमानाची एकच गोष्ट होती, तीच मी हिसकावून घेणार. न सांगावं तर दहा गावांतली म्हातारी माणसं कधीतरी पोट फुगून मरणार, औषध फुकट मिळत असताना. मी खोली बदलायचासुद्धा विचार केला, इतकी मी भित्री.

पण गावात कुणालाही काही झालं तरी कागद घेऊन तो काकांकडेच येतो, हे मी विसरले होते. एका दुपारी मी घरी आले तर काका ओट्यावर बसलेले आणि समोर तीन चिठ्ठ्या खड्याखाली दाबून ठेवलेल्या. तिघेही आपापले येऊन विचारून गेले होते, काका, हे काय निघालंय बगा. काकांनी मला बसायला सांगितलं. हे रगतातून जातं ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. सुईतून जातं का, असं विचारलं. मी म्हटलं, जाऊ शकतं, पण नक्की कसं सांगणार, न्हाव्याचा वस्तरा आहे, गोंदण आहे, जत्रेत काय कमी टोचतात. ते हात वर करून म्हणाले, "दिलासा देऊ नगंस माय. तिघांचे बी दंड मपल्या वळखीचे हायत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डबा ते रोज सकाळी स्टोव्हवर वीस मिनिटं उकळत, घड्याळ लावून, एक दिवस चुकवला नाही. डॉक्टरांनी तसं शिकवलं होतं, आणि सकाळी उकळलं की दिवसभराचं झालं असं ते धरून चालले. दोन माणसांच्या मध्ये गरम पाणी ओढून पिचकारायचं आणि स्पिरिटचा बोळा फिरवायचा. बाजाराच्या दिवशी ओट्यावर पन्नास माणसं बसलेली असत. तेव्हा तेही कधी व्हायचं, कधी राहून जायचं. ते टोकाची धार जपत बसले, टोकाला काय चिकटलं आहे ते दिसण्यासारखं नव्हतंच. बोलून झाल्यावर त्यांनी चिठ्ठ्या नीट घडी करून माझ्याकडे दिल्या आणि इलाज काय आहे तेवढं विचारलं.

पुढचे दोन दिवस ते ओट्यावरून खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून बाहेर पडले. कुणाकुणाला टोचलं याची वही नव्हतीच, दवाखान्याचे कागद डॉक्टरांबरोबर गेले. मग हा माणूस दारोदार गेला आणि समोर येईल त्या प्रत्येक म्हाताऱ्याचा दंड हातात घेऊन सांगू लागला की तुला मी सुई दिली होती, ती आधीच्या माणसानंतर मी उकळलेली नव्हती, उद्या दवाखान्यात जा आणि रक्त दे. आपल्या गावात, मग शेजारच्या वस्तीवर, मग धरणाकडच्या कोळ्यांच्या घरांत. एसटी मिळेल तिथे एसटीने, नाही तर पायी.

मला वाटलं, लोक त्यांना शिव्या देतील. एखादा हात उगारेल. झालं भलतंच. लोक रुसले, पण माझ्यावर. दवाखान्यातली बाई आमच्या काकाच्या डोक्यात काहीबाही भरवायली, असं गावभर झालं. काकांनी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांतलं एकही माणूस तपासणीला आलं नाही. आधी येत होते तेही यायचे बंद झाले. गावातल्या मोठ्या मळ्याचे आबा, काकांच्याच वयाचे, ते केंद्राच्या दारात येऊन मला ऐकवून गेले. त्यांचा मोठा मुलगा लहानपणी डबल न्युमोनियात जायला निघाला होता आणि काकांनी तीन दिवस त्याच्या उशाशी बसून त्याला सुयांवर जगवलं होतं. "ज्याच्या हातानं मपलं लेकरू वाचलं," आबा म्हणाले, "त्याच्यावर आळ घ्यायला मी रगत देऊ? त्यापक्षा मेलेलं बरं."

एकदा ते बोलले आणि गावाचं ठरून गेलं. रक्त द्यायचं म्हणजे काकाला गुन्हेगार ठरवायचं. कुणी सभा घेतली नाही की शपथा घेतल्या नाहीत, पण आमच्याकडे उपकाराची अशी एक ओढ असते, तिच्यापुढे डॉक्टर, सरकार, कार्डं, सगळं फोल. मी सहा दिवस टेबलावर रिकामी बसून होते. काका रोज संध्याकाळी येऊन विचारत, कोण आलं, आणि मी मान हलवत असे. सहाव्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा संतापलेलं पाहिलं. ते ओट्याचा खांब धरून उभे होते. "मला वाचवायलेत," ते म्हणाले, "अन् सोता मरायलेत. आसली माया काय कामाची?"

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला. ज्याने जन्मात सुई घेतली नाही त्याच्या कार्डावर काय येईल? मी म्हटलं, एकच रेघ येईल, बहुतेक. ते म्हणाले, बाजाराच्या दिवशी कार्डं घेऊन पारावर ये. आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, तेही वैतागलेच होते.

बाजाराच्या दिवशी पाराजवळ मी टेबल मांडलं. काका येऊन खुर्चीवर बसले आणि त्यांनी चक्क बोट पुढे केलं. लोकांना काकाची सुईची भीती ठाऊक होती, त्यामुळे भाज्या सोडून माणसं गोळा झाली. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते, मान पार दुसरीकडे फिरवली होती आणि डाव्या हाताने खुर्ची धरली होती. मी टोचलं तेव्हा त्यांच्या तोंडून लहान पोरासारखा आवाज निघाला. कुणी हसलं नाही. मी थेंब कार्डावर टाकला, आणि मान वर करते तर समोर काकू उभ्या. त्या बाजारात कधी येत नसत. पदराला हात पुसत त्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनीही बोट पुढे केलं.

हे काकांनी ठरवलेलं नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मी काकूंच्या कानाशी वाकून सांगितलं की असा रिपोर्ट चारचौघांत दाखवत नसतात, आपण आत जाऊन बघू. त्या म्हणाल्या, रगत मपलं हाय, मी दाखवीन न्हाई तर लपवीन. मी टोचलं. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

ती पंधरा मिनिटं कशी गेली ते माझं मला माहीत. टेबलावर दोन कार्डं शेजारी शेजारी. काका लोकांकडे बघत नव्हते, स्वतःच्या कार्डाकडेही नाही, काकूंच्या कार्डावर डोळे लावून बसले होते. दोन्हीकडे पहिली रेघ आली. मग त्यांच्या कार्डावर काही नाही. काकूंच्या कार्डावर आधी नुसती सावली आणि मग हळूहळू गुलाबी, स्पष्ट, दुसरी रेघ. काकांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. दोन हातांत दोन कार्डं घेऊन ते पाराच्या पायरीवर चढले.

"पन्नास वरसं एका ताटात जेवलोत आमी," ते म्हणाले. "पानी एक, भाकर एक, छप्पर एक. हिला म्या सुई दिली अन् मला कुनी दिली न्हाई. दोघांत फरक काय तो एवढाच हाय, डोळ्यानं बगा. आता मपली लाज राखायची आसंल तर हात पुढं करा."

मग आबा पुढे आले. त्यांनी ती दोन कार्डं काकांच्या हातातून घेतली, उन्हात धरून पाहिली, मग माझ्यापुढे येऊन बसले आणि शर्टाची बाही वर सारू लागले. बोट पुरे आहे, असं मला त्यांना सांगावं लागलं.

त्या दिवशी माझी कार्डं दुपारीच संपली. पुढे दोन महिने मी गावोगाव फिरले, काका पुढे आणि मी मागे. खरं सांगायचं तर बहुतेकांच्या कार्डावर एकच रेघ आली. आबांच्याही. एवढ्या सुया टोचूनही तो आजार मोजक्या लोकांनाच धरून बसला होता. दोन रेघा आलेल्यांतही काहींचा शरीरानेच आपला आपण घालवला होता, मोठ्या तपासणीत तो निघाला नाही. प्रत्येक एकेरी रेघेला काका हात जोडत, कुणाला ते मला कळलं नाही. ज्यांच्या कार्डावर दोन रेघा आल्या त्यांना ते स्वतः एसटीत बसवून परभणीला नेत आणि घरी आणून सोडत. कापूस वेचणारी बाई बरी झाली, गुरुजी बरे झाले. धरणावरच्या त्या मासेवाल्याला मात्र उशीर झाला होता. गोळ्या सुरू केल्या तेव्हाच त्याच्या पोटात पाणी होतं. तो गेला तेव्हा काका त्याच्या घरी दहा दिवस जाऊन बसले. त्याच्या बायकोने त्यांना रोज चहा दिला आणि त्यांनी तो रोज प्यायला. मला ते बघवत नसे.

आणि घरात काकूंच्या गोळ्या चालू होत्या. सकाळी आठला काका पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यापुढे उभे राहत. गोळी घशाखाली उतरली की काकू तोंड उघडून दाखवत आणि मगच ते हलत. चौऱ्याऐंशी दिवस. पण या माणसाने, ज्याने सगळ्या तालुक्यापुढे आपली चूक सांगितली, बायकोशी त्यावर अवाक्षर काढलं नव्हतं. पारावरच्या दिवसानंतर ते त्यांच्या डोळ्याला डोळा देत नसत. त्यांचा दंड तर त्यांनी कधीच धरला नाही. ताट वाढून घ्यायचं, गोळी द्यायची, ओट्यावर जाऊन बसायचं. कोर्टाच्या तारखेला आलेल्या माणसासारखे ते स्वतःच्या घरात वावरत होते. मी काकूंना विचारलं, तुम्हीच बोला ना. त्या म्हणाल्या, बोलतील त्येंचे ते.

गोळ्या संपल्यावर तीन महिने थांबून पुन्हा मोठी तपासणी करतात, तेव्हाच आजार गेला की नाही ते कळतं. परभणीहून तो कागद मी स्वतः घेऊन आले. काकू मधल्या घरात सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. मी दारातूनच वाचून दाखवलं की रक्तात विषाणू आढळला नाही. काका माझ्या मागे उभे होते. मला वाटलं ते हात जोडतील. ते माझ्या बाजूने आत गेले आणि काकूंपासून हातभर लांब, भिंतीला टेकून उभे राहिले.

"साऱ्यांची माफी मागून झाली," ते म्हणाले. "तुपली राह्यली."

काकूंचे हात सुपात चालूच होते. "कशापायी?"

"मपल्या सुयांपायी. तुला बसवून टोचायचो रोजच्याला."

काकूंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. मग पहिल्यांदा त्यांनी काम थांबवलं आणि मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. मी तिथे आहे हे त्या विसरल्या असाव्यात, किंवा नसतीलही.

"तुमी कव्हा बसवलंत," त्या म्हणाल्या. "मीच येऊन बसत व्हते. घरात सासू, सासरा, दोन दीर, दोन जावा. दिवसाउजेडी तुमी मपला हात धरायचे, ते तेवढंच व्हतं."

काका भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. काकूंनी सूप बाजूला सारलं आणि डाव्या खांद्यावरचा पदर मागे घेऊन दंड त्यांच्यापुढे केला.